डेट्रॉइटने स्कूबलला विकू नये

फेब्रुवारी २०२६च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत पगाराच्या एका भांडणाचा निकाल लागला. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल क्लबचं म्हणणं होतं, आमचा पिचर टॅरिक स्कूबल याला यंदाच्या हंगामासाठी १ कोटी ९० लाख डॉलर पुरे आहेत. स्कूबलने मागितले होते ३ कोटी २० लाख. प्रकरण लवादाकडे गेलं. बेसबॉलच्या लवादाची रीत जरा वेगळी आहे. त्यांना मधला आकडा सुचवता येत नाही, दोघांपैकी एकाचाच आकडा उचलावा लागतो. त्यांनी खेळाडूचा उचलला. लवादाच्या वाटेवर एवढी रक्कम यापूर्वी कुणाच्याही पदरात पडली नव्हती.

भांडण पगाराचं होतं, पण हिवाळाभर चर्चा चालली ती दुसऱ्याच प्रश्नाची. स्कूबलचा करार २०२६च्या हंगामानंतर संपतो. मग तो मोकळा. ज्या क्लबला परवडेल त्याच्याकडे जाईल. तेव्हा डेट्रॉइटने त्याला आताच दुसऱ्या क्लबला देऊन बदल्यात दोन-चार होतकरू पोरं घ्यावीत, की हे शेवटचं वर्ष त्याला ठेवून घ्यावं आणि नंतर जवळपास रिकाम्या हातांनी निरोप द्यावा? अनेक जाणकार पहिल्या पर्यायाच्या बाजूचे आहेत. त्यांचा हिशेब मला समजतो, पण पटत नाही. स्कूबलला विकू नये, असं माझं मत आहे.

(टॅरिक हे नाव इंग्रजीत पाहिलं की आपण ते 'तारिक' असं वाचतो आणि काही मित्र लगेच पुढचा प्रश्न विचारतात. या लेखाचा संबंध फक्त त्याच्या डाव्या हाताशी आहे.)

आपल्यापैकी अनेकांना डेट्रॉइट माहीत आहे ते त्याला लागून असलेल्या डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमकमुळे. मोटार कारखान्यांत कामाला आलेल्या अरब, येमेनी, बांगलादेशी कुटुंबांनी वसवलेल्या त्या वस्त्यांवर बरंच लिहिलं-वाचलं गेलं आहे. त्याच शहराची आणखी एक जुनी ओळख म्हणजे हा बेसबॉल क्लब. १९०१ पासून तो अमेरिकन लीगमध्ये खेळतो आहे. शहराची भरभराट त्याने पाहिली, कारखाने ओस पडताना पाहिले आणि २०१३च्या जुलैत शहराच्या महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला तोही पाहिला.

खेळाडूला कुणी विचारत नाही

आयपीएलमुळे 'रिटेन', 'रिलीज', 'ट्रेड' हे शब्द आता आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही कळतात. २०२३च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मुंबई त्या वर्षी तळाला राहिली. कागदावर सौदा चांगला होता, स्टेडियममध्ये बसलेल्या माणसांचा हिशेब वेगळा निघाला. तरी आयपीएलमध्ये ट्रेडसाठी निदान खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये साधारणपणे तीही लागत नाही. करारात तसं कलम घालून घेतलं असेल, किंवा लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये काढली असतील, तरच खेळाडू 'नाही' म्हणू शकतो. स्कूबलला यातलं काही लागू नाही. उद्या सकाळी फोन आला की त्याने बॅग भरायची.

एकेकाळी याहून वाईट होतं. क्लब खेळाडूला आयुष्यभर बांधून ठेवू शकत असे. १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि कोर्टाची पायरी चढला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्दही त्यात गेली. पण १९७५च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाचा निकाल आला आणि ती बेडी तुटली. आजची पद्धत ही त्यानंतरची तडजोड आहे. क्लबने निवडलेला खेळाडू मुख्य लीगमध्ये सहा वर्षं त्याच क्लबचा. पहिली सुमारे तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, पुढची लवादाच्या छायेत, मग मोकळा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे 'तो फुकटात निघून जाईल' हे वाक्य. हिवाळाभर ते इतक्या वेळा ऐकू आलं की ऐकणाऱ्याला वाटावं, स्कूबल क्लबच्या तिजोरीतून काहीतरी उचलून पळतो आहे. वास्तविक पाहता २०२४ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला तेव्हा त्याचा पगार होता २६ लाख ५० हजार डॉलर. २०२५ मध्ये पुन्हा सर्वोत्तम ठरला तेव्हा सुमारे १ कोटी. खुल्या बाजारात अशा पिचरला वर्षाला तीन-साडेतीन कोटी सहज मिळतात. म्हणजे दोन वर्षांचा नफा क्लबने आधीच खिशात घातला आहे. शिवाय तो गेलाच, तर क्लबला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून एक जादा नंबर मिळण्याची सोय नियमात आहे. ज्याला 'फुकट' म्हणतात ते इतकंही फुकट नाही.

डावा हात

स्कूबल वाढला ॲरिझोनातल्या किंगमन या लहानशा गावात. सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीत शिकला. तिथे असतानाच, २०१६ मध्ये, त्याच्या कोपराचा लिगामेंट गेला आणि 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया करावी लागली. या शस्त्रक्रियेत फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलंच दुसरं कंडर बसवतात. १९७४ मध्ये ती पहिल्यांदा ज्या पिचरवर झाली त्याचंच नाव तिला पडलं आहे. पुढे २०१८च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने स्कूबलला नवव्या फेरीत घेतलं, तेव्हा त्याचा नंबर होता २५५वा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०२० मध्ये तो मुख्य संघात आला. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्याच हाताच्या कंडरावर दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि तो २०२३च्या जुलैत परतला. परतलेला माणूस वेगळाच होता. २०२४ मध्ये १८ विजय, ४ पराभव, २२८ स्ट्राइकआउट आणि नऊ इनिंगमागे सरासरी २.३९ धावा. विजय, स्ट्राइकआउट आणि सरासरी या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला होता. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. २०२५ मध्ये सरासरी आणखी खाली, २.२१, आणि स्ट्राइकआउट २४१. पुन्हा साय यंग. अमेरिकन लीगमध्ये सलग दोन वर्षं हा पुरस्कार त्याआधी पेद्रो मार्टिनेझने घेतला होता, १९९९ आणि २००० मध्ये.

नुसत्या आकड्यांनी बेसबॉल न पाहिलेल्या वाचकाला काही कळायचं नाही, म्हणून एक सामना सांगतो. २५ मे २०२५, क्लीव्हलँडविरुद्ध. आजकाल पिचर पाच-सहा इनिंग टाकून बाहेर बसतो. त्या दिवशी स्कूबलने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या, एकही धाव दिली नाही, १३ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि हे सगळं फक्त ९४ चेंडूंत. शेवटचा चेंडू ताशी १०२.६ मैलांनी गेला. आपल्या हिशेबात १६५ किलोमीटर. दमलेल्या हाताने टाकलेला तो चेंडू त्याच्या त्या दिवसातला सर्वांत वेगवान होता.

आता विकणाऱ्यांची बाजू. ती कमकुवत नाही. पिचर दर पाच-सहा दिवसांनी एकदा मैदानात उतरतो. गेल्या दोन्ही हंगामांत स्कूबलने १६२ पैकी ३१ सामन्यांत सुरुवात केली. एवढा पैसा आणि एवढी आशा पाचव्या हिश्श्याच्या सामन्यांवर का लावायची, असं ते विचारतात. दुसरं, पिचरचा हात. माणसाचा खांदा आणि कोपर या कामासाठी बनलेलेच नाहीत. गेरिट कोलला न्यूयॉर्क यांकीजने ३२ कोटी ४० लाख डॉलर देऊन नऊ वर्षांसाठी बांधलं, आणि २०२५च्या मार्चमध्ये त्याचा कोपर गेला. कॉर्बिन बर्न्सने ॲरिझोनाशी २१ कोटींचा करार केला आणि पहिल्याच हंगामात, जूनमध्ये, तोही टॉमी जॉनच्या टेबलावर पोचला. स्कूबलच्या हातावर तर दोनदा चाकू चालला आहे.

हे सगळं खरं आहे. पण नीट पाहिलं तर हा युक्तिवाद आहे आठ-दहा वर्षांचा करार न करण्याचा. एक वर्षासाठी ठेवून घेण्याविरुद्ध तो लागू होत नाही. उलट, डेट्रॉइटच्या हातात जे आहे ते सर्वांत कमी जोखमीचं आहे. एकच वर्ष, आणि त्यानंतरची सगळी जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर.

पाचव्या हिश्श्याचंही तसंच. नियमित हंगामात तो पाचवा हिस्सा असतो. ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये मालिका तीन, पाच किंवा सात सामन्यांची होते आणि मध्ये सुट्टीचे दिवस येतात. तिथे एकच पिचर पाचपैकी दोन सामने टाकतो. २०२५ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध नेमकं हेच झालं. स्कूबलने दुसरा आणि पाचवा सामना टाकला. मिळून १३ इनिंग, ३ धावा. पाचव्या, निर्णायक सामन्यात तर सहा इनिंगमध्ये १३ स्ट्राइकआउट. तो बाहेर बसला तेव्हा डेट्रॉइट २-१ने पुढे होतं. पुढच्याच इनिंगमध्ये सिअ‍ॅटलने बरोबरी केली. मग सामना जवळपास पाच तास, पंधराव्या इनिंगपर्यंत रेंगाळला आणि डेट्रॉइट ३-२ने हरलं. ज्या शहरात स्कूबल कॉलेजला होता त्याच शहरात.

विकणारे म्हणतात, बघा, एवढा मोठा पिचर असून त्याचे दोन्ही सामने हरलात. मला त्या स्कोअरकार्डमध्ये दुसरंच दिसतं. नऊ इनिंगमध्ये दोन धावा काढणाऱ्या फलंदाजांनी उरलेल्या सहा इनिंगमध्ये एकही काढली नाही. दुखणं बॅटचं आहे आणि डॉक्टर सांगतो डावा हात कापा.

डेट्रॉइटच्या आठवणी

हा प्रश्न या क्लबला नवा नाही. मोठा पिचर सोडून द्यायचा, विकायचा की बांधून ठेवायचा, हे तिन्ही प्रयोग डेट्रॉइटने गेल्या दहा-बारा वर्षांत करून पाहिले आहेत.

२०१४चा संघ आठवा. मॅक्स शेर्झर, जस्टिन व्हरलँडर आणि जुलैअखेर टॅम्पाहून आणलेला डेव्हिड प्राइस. तिघेही साय यंग विजेते. बाल्टिमोरविरुद्धच्या मालिकेत तिघांनी एकेक सामना टाकला आणि डेट्रॉइट तीनच्या तीन सामने हरून घरी आलं. मोठे पिचर म्हणजे विजेतेपद, असं मी म्हणत नाही हे त्यामुळे स्पष्ट व्हावं.

शेर्झरने त्याच वर्षी हंगामाआधी सहा वर्षांचा १४ कोटी ४० लाख डॉलरचा देकार नाकारला होता. हंगाम संपल्यावर तो वॉशिंग्टनला गेला, सात वर्षांसाठी, २१ कोटींना. तिथे दोन साय यंग घेतले आणि २०१९ची वर्ल्ड सिरीज जिंकली. डेट्रॉइटला भरपाईत मिळालेल्या ड्राफ्टच्या नंबरावर क्रिस्टिन स्टुअर्ट नावाचा फलंदाज आला. त्याचा मुख्य लीगमध्ये जम बसला नाही. पुढच्या वर्षी प्राइसच्या बाबतीत क्लबने शहाणपणा केला. तो मोकळा होण्याआधी जुलैअखेर त्याला टोरोंटोला दिलं आणि तीन तरुण डावखुरे पिचर घेतले. त्यांपैकी मॅथ्यू बॉयड काही वर्षं नेटाने उभा राहिला. तिघांत मिळून एक प्राइस काही झाला नाही.

व्हरलँडरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

त्याला क्लबने २०१३ मध्ये लांब मुदतीसाठी बांधून घेतलं होतं. २०१४ मध्ये तो घसरला, लोक म्हणाले संपला. २०१६ मध्ये तो परत उभा राहिला. २०१७ येईपर्यंत क्लब मोडकळीला आला होता. मालक माइक इलिच फेब्रुवारीत वारले. लिटल सीझर्स पिझ्झाचे संस्थापक, तरुणपणी स्वतः टायगर्सच्या खालच्या संघांत खेळलेले. म्हातारपणी त्यांनी एका विजेतेपदासाठी पैसा पाण्यासारखा ओतला. २००६ आणि २०१२ मध्ये संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा हरला. ते गेल्यावर क्लबने आवराआवर सुरू केली. ३१ ऑगस्टला मध्यरात्रीची मुदत संपायला काही सेकंद उरले असताना व्हरलँडर ह्यूस्टनला गेला.

दोन महिन्यांत ह्यूस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. (त्या वर्षी ह्यूस्टनचा संघ कॅमेऱ्याने कॅचरच्या खुणा चोरत होता हे पुढे उघड झालं. तेव्हाचे मॅनेजर ए. जे. हिंच त्यापायी एक वर्ष निलंबित झाले आणि आज ते डेट्रॉइटचे मॅनेजर आहेत. बेसबॉलचं जग लहान आहे.) व्हरलँडरने २०१९ आणि २०२२ मध्ये आणखी दोन साय यंग घेतले. बदल्यात डेट्रॉइटला काय मिळालं? फ्रँकलिन पेरेझ हा तरुण पिचर त्या सौद्यातला हिरा म्हणून गाजवला गेला. दुखापतींमुळे तो मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. डॅझ कॅमरन आला, थोडा खेळला आणि गेला. जेक रॉजर्स हा कॅचर तेवढा टिकला. तो पुढे स्कूबलचे चेंडू झेलू लागला, हीच त्या सौद्याची कमाई.

संघ २०१७ मध्ये ९८ सामने हरला, २०१८ मध्ये ९८ आणि २०१९ मध्ये ११४. प्रेक्षकांना सांगितलं गेलं की धीर धरा, तळाला गेलो की ड्राफ्टमध्ये वरचे नंबर मिळतात आणि त्यातूनच उद्याचे तारे येतात. २०१८च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटला पहिला नंबर मिळाला. त्यावर केसी माइझ हा पिचर घेतला. माइझ चांगला आहे, २०२५ मध्ये ऑल-स्टारही झाला. पण तारा आला तो त्याच ड्राफ्टमधल्या २५५व्या नंबरावर. त्या नंबरासाठी ९८ सामने हरण्याची गरज नव्हती. बाकीच्या सगळ्या क्लबांनी त्याला आठ-आठ वेळा टाळलं होतं.

मला वाटतं, या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 'होतकरू पोरं' हा शब्द विकणारे असा वापरतात, जणू ते बँकेतले ठेव-दाखले आहेत आणि मुदत भरली की व्याजासकट पैसे येतील. प्रत्यक्षात कोण स्कूबल होणार आणि कोण पेरेझ, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. ज्या क्लबने स्कूबलला घेतलं त्यालाही माहीत नव्हतं, नाहीतर नवव्या फेरीपर्यंत थांबले नसते. हातात असलेला स्कूबल देऊन दुसरा स्कूबल निघण्याची वाट पाहायची, याला मी धोरण म्हणणार नाही.

अर्थात, वाट पाहून फळ मिळाल्याचं उदाहरणही डेट्रॉइटच्याच इतिहासात आहे, फक्त उलट्या बाजूने. १९८७च्या ऑगस्टमध्ये त्यांना एक अनुभवी पिचर हवा होता. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात मिशिगनचाच वीस वर्षांचा एक पोरगा दिला. अलेक्झांडरने नऊच्या नऊ सामने जिंकून दिले आणि डेट्रॉइटने विभाग जिंकला. तो पोरगा होता जॉन स्मोल्ट्झ. त्याने अटलांटासाठी वीसेक वर्षं गाजवली आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. स्मोल्ट्झचं नाव विकणाऱ्यांच्या तोंडी असतं आणि ते योग्यच आहे. मी एवढंच विचारतो की अशी उदाहरणं सांगताना आपण दरवेळी १९८७ पर्यंत मागे का जातो?

मिलवॉकीचं काय?

माझ्या मताविरुद्धचं सर्वांत भक्कम उदाहरण डेट्रॉइटपासून फार लांब नाही, मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या काठावर आहे. मिलवॉकी हे मुख्य लीगमधल्या सर्वांत लहान बाजारपेठांपैकी एक. त्यांचा क्लब मोठे करार करूच शकत नाही. वर ज्याचा उल्लेख आला तो बर्न्स मुळात त्यांचा. २०२१चा साय यंग विजेता. करारात एक वर्ष उरलं असताना, २०२४च्या फेब्रुवारीत, त्यांनी त्याला बाल्टिमोरला दिलं. हुबेहूब स्कूबलचीच परिस्थिती. त्या वर्षी मिलवॉकीने ९३ सामने जिंकून विभाग जिंकला. २०२५ मध्ये ९७ जिंकले, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. बाल्टिमोरला बर्न्सने उत्तम हंगाम दिला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात आठ इनिंगमध्ये एकच धाव दिली, बाल्टिमोर तो सामना १-०ने हरलं आणि मालिकाही. याच हिवाळ्यात मिलवॉकीने फ्रेडी पेराल्टा या आपल्या आणखी एका मोठ्या पिचरला न्यूयॉर्क मेट्सकडे पाठवलं. त्यालाही एकच वर्ष उरलं होतं.

मिलवॉकीला जमतं, मग डेट्रॉइटला का नाही? दोन कारणं. पहिलं, मिलवॉकीला दुसरा मार्गच नाही, डेट्रॉइटला आहे. लवादाचा निकाल लागला त्याच आठवड्यात डेट्रॉइटने ह्यूस्टनचा डावखुरा पिचर फ्रांबर वाल्देझ याच्याशी तीन वर्षांचा साडेअकरा कोटी डॉलरचा करार केला. ज्याच्याकडे हा पैसा आहे त्याने गरिबीचं सोंग आणू नये. आणि एकदा वाल्देझला आणल्यावर स्कूबलला विकायचं म्हणजे घराला नवा दरवाजा बसवून भिंत पाडण्यासारखं आहे.

दुसरं कारण जरा अवघड आहे. मिलवॉकी दरवर्षी चांगलं खेळतं, पण त्या क्लबने आजवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. तिथवर तो पोचला एकदाच, १९८२ मध्ये. २०२५ मध्ये लीगमधला सर्वोत्तम रेकॉर्ड घेऊन ते लॉस एंजलिस डॉजर्ससमोर गेले आणि ४-०ने हरले. सतत चांगलं असणं आणि एकदा सर्वोत्तम होणं यांत फरक आहे. मिलवॉकीच्या पद्धतीने पहिलं साधतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये विभागात पहिल्या क्रमांकावर असताना त्यांनी आपला शेवटच्या इनिंगचा पिचर जॉश हेडर सॅन डिएगोला विकला. संघाचं मन मोडलं आणि ते प्लेऑफला मुकले. त्या सौद्यातल्या एका खेळाडूच्या बदल्यात पुढे त्यांना विल्यम कॉन्ट्रेरास हा अव्वल कॅचर मिळाला, तेव्हा हिशेबाने ते नफ्यातच राहिले. मात्र ज्यांनी २०२२चं तिकीट काढलं होतं त्यांना कॉन्ट्रेरासचा काय उपयोग?

विकणाऱ्यांचं आवडतं भीतिदायक उदाहरण म्हणजे शोहेई ओहतानी. २०२३च्या जुलैत लॉस एंजलिस एंजल्सनी त्याला विकायचं नाकारलं. ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा लिगामेंट फाटला, संघ कोसळला, आणि डिसेंबरात तो ७० कोटी डॉलरना डॉजर्सकडे गेला. एंजल्सना मिळाला ड्राफ्टमधला एक नंबर. पण एंजल्स हा वर्षानुवर्षं प्लेऑफ न पाहिलेला संघ होता. त्या जुलैत त्यांनी ओहतानीला ठेवलं एवढंच नाही, तर दोन महिन्यांच्या पाहुण्या खेळाडूंसाठी स्वतःची पोरंही देऊन टाकली. चूक ती होती. डेट्रॉइट सलग दोन वर्षं प्लेऑफ खेळून आलं आहे. रायली ग्रीन, डिलन डिंगलर ही घरची पोरं संघात आहेत आणि खालच्या संघांत आणखी काही तयार होत आहेत. अशा संघाला 'उद्यासाठी' आज विकायला सांगणं म्हणजे त्याचा उद्या उजाडलाच आहे हे न पाहणं.

गेल्या हंगामाचा डाग मात्र लपवता येणार नाही. जुलैमध्ये क्लीव्हलँडवर साडेपंधरा सामन्यांची आघाडी होती आणि ती घालवून डेट्रॉइटने विभाग गमावला. इतकी मोठी आघाडी गमावणारा संघ विजेतेपदाचा दावेदार कसा, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की प्लेऑफच्या पहिल्या फेरीत त्याच क्लीव्हलँडला त्यांच्याच मैदानावर हरवलं, आणि पहिल्या सामन्यात १४ स्ट्राइकआउट घेणारा माणूस स्कूबल होता. तो नसता तर ऑक्टोबर तिथेच संपला असता.

डेट्रॉइटने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९८४ मध्ये. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याने ११४ पराभवांचा हंगाम पाहिला आहे. ज्या मैदानात तो बसतो ते बांधताना सार्वजनिक पैसाही लागला आहे. क्लबने त्याला जी वाट पाहायला लावली, त्या वाटेच्या शेवटी हा डावखुरा पिचर उभा आहे. आता त्याला सांगायचं की यालाही देतो, पुन्हा चार वर्षं थांब?

एका अटीवर मी मत बदलेन. ऑगस्टच्या सुरुवातीला ट्रेडची मुदत संपते. तोपर्यंत वाल्देझ जायबंदी झाला, बॅटी थंडच राहिल्या आणि संघ दहा-बारा सामन्यांनी मागे पडला, तर स्कूबलला खुशाल विकावं. उरलेल्या दोन महिन्यांसाठी कमी मोबदला मिळेल, तो घ्यावा. हंगाम सुरू होण्याआधी मात्र नाही. आणि संघ शर्यतीत असेल तर त्याला शेवटच्या चेंडूपर्यंत ठेवावं. नोव्हेंबरात बाकीच्यांसारखा आपलाही देकार त्याच्या एजंटच्या टेबलावर ठेवावा. तो एजंट स्कॉट बोरास आहे, आपल्या खेळाडूंना खुल्या बाजारात नेण्यासाठी प्रसिद्ध, तेव्हा देकार बहुधा कमी पडेल. मग ड्राफ्टमधला तो जादा नंबर घेऊन पुढच्या कामाला लागावं.